फॅन ट्रेलर

मूळ चित्रपटातील दृश्ये आणि ध्वनी यांची नव्याने जुळणी करून चाहत्याने तयार केलेला ट्रेलर. निर्मात्याच्या ट्रेलरला तिकिटे खपवायची असतात; चाहत्याला ते ओझे नसते, त्यामुळे चित्रपटाविषयीचे मत तो मोकळेपणाने मांडू शकतो. प्रदर्शित झालेला चित्रपट भलत्याच प्रकारचा भासवणारा पुनर्संपादित ट्रेलर हा याचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रकार असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. कधीच न निघालेल्या चित्रपटांचे काल्पनिक ट्रेलरही चाहते बनवतात.

उगम : याबाबत एकवाक्यता नाही. चाहता-संस्कृतीचे अभ्यासक ही परंपरा 1975 पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी अमेरिकेत कँडी फाँग यांनी ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील चित्रांच्या स्लाइड गाण्याच्या साथीने चाहत्यांना दाखवल्या. पुढे व्हीसीआर घरोघरी आल्यावर दृश्ये गाण्यावर बसवण्याची ही कला प्रामुख्याने स्त्री-चाहत्यांनी वाढवली. दुसरे मत प्रायोगिक चित्रपटांकडे बोट दाखवते. एस्फिर शुब यांनी 1927 मध्ये जुन्या चित्रफिती धुंडाळून रोमानोव्ह घराण्याच्या पतनाचा अनुबोधपट उभा केला. जोसेफ कॉर्नेल यांनी 1936 मध्ये हॉलिवूडच्या एका साहसपटाची काटछाट करून केवळ नायिकेभोवती रेंगाळणारा लघुपट रचला.

दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र ट्रेलरचे म्हणून जे व्याकरण आहे, म्हणजे निवेदकाचा भारदस्त आवाज, मध्येच झळकणाऱ्या पाट्या, उत्तरार्धात उसळी घेणारे गाणे, ते यांपैकी कोणत्याही परंपरेत सापडत नाही. ते धंद्यात घडले. ट्रेलरचा प्रारंभ सामान्यतः 1913 चा मानतात. न्यूयॉर्कच्या लो नाट्यगृहसमूहासाठी नील्स ग्रानलंड यांनी एका ब्रॉडवे संगीतिकेची जाहिरात-फीत तेव्हा केली होती. 1920 च्या सुमारापासून पुढे कित्येक दशके अमेरिकन स्टुडिओंचे बहुतेक ट्रेलर नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही एकच कंपनी हाताळत असे आणि त्यातून एक ठरीव साचा रूढ झाला. साचा प्रेक्षकाला तोंडपाठ असेल तरच तो उलटवण्यात गंमत असते. म्हणून फॅन ट्रेलरचा उगम व्यावसायिक संकलनकक्षात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

सर्वांत गाजलेले उदाहरणही याच मताला बळ देते. असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट क्रिएटिव्ह एडिटर्स या व्यावसायिक संकलकांच्या संघटनेने 2005 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहायक संकलकांसाठी एक स्पर्धा घेतली. कोणताही चित्रपट निवडून त्याचा वेगळ्याच प्रकारचा ट्रेलर करायचा. आवाज आणि संवाद बदलता येतील, दृश्ये नाहीत, अशी अट होती. रॉबर्ट रायांग यांनी स्टॅनली कुब्रिक यांचा ‘द शायनिंग’ (1980) हा भयपट घेऊन तो हलकाफुलका कौटुंबिक चित्रपट असल्याचा आभास निर्माण केला आणि स्पर्धा जिंकली. निवेदक चित्रपटाच्या नायकाची, जॅक टॉरन्सची, ओळख स्फूर्तीच्या शोधातला लेखक अशी करून देतो, तर छोट्या डॅनीची वडिलांच्या शोधातला मुलगा अशी. मग पीटर गॅब्रिएल यांचे 1977 चे ‘सॉल्सबरी हिल’ हे गाणे सुरू होते. मूळ चित्रपटात अंगावर काटा आणणारे, टॉरन्सची भूमिका करणाऱ्या जॅक निकल्सन यांचे हसू इथे एका प्रेमळ बापाचे वाटू लागते. यूट्यूब त्या वेळी बाल्यावस्थेत होते. रायांग यांनी मित्रांना दिलेल्या दुव्यावरून ही फीत जगभर पोचली. लगेच 2006 मध्ये ‘मेरी पॉपिन्स’ (1964) या बालप्रिय संगीतपटाला भयपट करणारा ट्रेलर आला आणि प्रकार रूढ झाला.

तंत्र : तत्त्व जुनेच आहे. रशियन दिग्दर्शक ल्येव कुलेशोव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला, असे सांगितले जाते. फॅन ट्रेलरमध्ये हेच काम प्रामुख्याने ध्वनी करतो. कसबी संकलक आधी संवाद बाजूला काढतो, गाणे पक्के करतो आणि नंतरच दृश्ये ठोक्यावर कापतो. चेहऱ्यावर एखादा क्षण कमीअधिक रेंगाळले तरी भाव बदलतो.

समीक्षेशी नाते : ‘उगाच डोक्यावर घेतलेला चित्रपट’ हा चाहत्यांच्या वादाचा नेहमीचा विषय आहे, समीक्षकांनाही तो चुकलेला नाही. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी 1968 मध्ये अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शकांची प्रतवारी केली, तेव्हा जॉन ह्यूस्टन, डेव्हिड लीन आणि बिली वाइल्डर यांना ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ म्हणता येईल अशा वर्गात बसवले. वाइल्डर यांच्याबाबतचे मत त्यांनी पुढे बदलले. खुद्द ‘द शायनिंग’ची कथा बोलकी आहे. आज अभिजात मानल्या जाणाऱ्या या चित्रपटासाठी कुब्रिक यांना पहिल्याच रॅझी पुरस्कारांत, म्हणजे वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या पुरस्कारांत, वाईट दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले होते. असे वाद शब्दांत घालण्याऐवजी संकलनातून घालणे, हे फॅन ट्रेलरचे खरे सामर्थ्य. काही मिनिटांत चित्रपटाचा सूर पालटता आला, तर तो सूर कथेत किती होता आणि पार्श्वसंगीतात किती, हा प्रश्न प्रेक्षकापुढे थेट उभा राहतो. स्क्रीन जंकीज या यूट्यूब वाहिनीने 2012 पासून चालवलेली ‘ऑनेस्ट ट्रेलर्स’ ही मालिका गाजलेल्या चित्रपटांतील उणिवा ट्रेलरच्याच भाषेत सांगते. मात्र ते व्यावसायिक काम असल्याने फॅन ट्रेलरमध्ये मोडत नाही.

कायदा : अमेरिकेत 2010 मध्ये अव्यावसायिक व्हिडिओंसाठी डीव्हीडीचे कुलूप (नक्कल रोखणारी तांत्रिक व्यवस्था) तोडून छोटे अंश घेण्यास सूट मिळाली. भारतात प्रताधिकार अधिनियम, 1957 च्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे आणि 2012 च्या दुरुस्तीने ती चित्रपटांनाही लागू झाली. पुनर्संपादित ट्रेलर ही समीक्षा ठरते, असा युक्तिवाद त्या आधारे करता येतो, आणि तो पटण्याजोगा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले, खऱ्या ट्रेलरचा भास निर्माण करणारे व्हिडिओ मात्र वेगळे मानले पाहिजेत. त्यांत प्रेक्षकाची फसवणूक होते. मार्च 2025 मध्ये यूट्यूबने अशा व्हिडिओंसाठी प्रसिद्ध असलेल्या स्क्रीन कल्चर आणि केएच स्टुडिओ या वाहिन्यांचे जाहिरात-उत्पन्न थांबवले.