पाहुणी बुझुकी घरची कशी झाली

आयर्लंडमधल्या पबात रात्री सेशन, म्हणजे वादकांची अनौपचारिक बैठक, रंगात आली की कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, लाकडी बासरी, कॉन्सर्टिना, बोधरान नावाचा मोठा डफ आणि लांब मानेचं एक तंतुवाद्य असा संच दिसतो. पर्यटकाला हे सगळं पूर्वापार चालत आलेलं वाटतं. प्रत्यक्षात कॉन्सर्टिना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जन्मली. बोधरान जुना खरा, पण १९६० च्या दशकापर्यंत तो मुख्यतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांच्या हातात असायचा. मैफलीत त्याला जागा नव्हती. आणि ते तंतुवाद्य म्हणजे बुझुकी. ती ग्रीसची.

त्यामुळे सेल्टिक, म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्सकडच्या संगीताचं ‘फ्यूजन’ म्हणजे शुद्ध परंपरेवर कुणीतरी अलीकडे केलेलं कलम, ही समजूत टिकत नाही. शुद्ध म्हणून जे दाखवलं जातं त्याचंच वय फार नाही.

परंपरेला पहिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेतून. स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन हा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याने ७८ आरपीएमच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. स्थलांतरितांनी त्या गावी धाडल्या. गावोगावचे वादक ग्रामोफोनला कान लावून बसले आणि स्लायगोची वळणदार, दागिन्यांनी भरलेली शैली देशभर आदर्श ठरली. बाकीच्या परगण्यांचे ढंग मागे पडले. पाठोपाठ १९३५ मध्ये आयरिश सरकारने सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा केला. चर्चच्या पुढाकाराने त्याची अंमलबजावणी अशी झाली की घरातले आणि चव्हाट्यावरचे नाच जवळजवळ बंदच पडले. नाच हॉलमध्ये गेला, हॉल भरायला आवाज मोठा हवा म्हणून अकॉर्डियन, पियानो, ड्रम घेऊन ‘केली बँड’ नावाचे नाचाचे वाद्यमेळ उभे राहिले आणि सगळे मिळून एकच चाल एकदम वाजवू लागले.

या गोंगाटावर चिडलेला माणूस म्हणजे शॉन ओ रिआदा. पाश्चात्त्य अभिजात संगीतात तयार झालेल्या या संगीतकाराने केली बँडच्या आवाजाची तुलना उपड्या बरणीत घोंघावणाऱ्या माशीशी केली होती. १९६० च्या सुमारास त्याने ‘केओल्टोरी खूलन’ हा वाद्यमेळ जमवला. त्यात प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा होती, बोधरान पुढे आला होता आणि जुन्या तारेच्या हार्पची जागा भरायला चक्क हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य होतं. १९६२ च्या रेडिओ व्याख्यानांत तर त्याने आयरिश संगीताचं नातं युरोपपेक्षा पूर्वेशी जास्त जवळचं आहे असं ठासून सांगितलं. इतिहास म्हणून ते सिद्ध करणं अवघड आहे. पण सुशोभित एकल स्वरावली, ठरावीक चौकटीत दर खेपेला नवी हरकत, सुरावटीखाली सतत धरलेला एक सूर, हे सगळं ऐकलं की तो कुठे बोट ठेवत होता ते भारतीय कानाला लगेच कळतं. कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायच्या इलन पाइप्समधल्या त्या स्थिर नळ्या आपल्याला तंबोऱ्यासारख्याच वाटतात. याच मेळातल्या पॅडी मोलोनीने १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ची सुरुवात केली, १९८३ मध्ये ते चीनच्या भिंतीवर वाजवून आले आणि पुढे स्पेनमधल्या गॅलिसियापासून मेक्सिकोपर्यंत कुणाकुणाबरोबर बसले याची यादी लांब आहे.

आता बुझुकी. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जॉनी मॉयनिहन हा डब्लिनचा गायक-वादक ती आयर्लंडमध्ये घेऊन आला. ग्रीक बुझुकीच्या चार जोड-तारा सी-एफ-ए-डी या स्वरांत लावतात. मॉयनिहनने ते सोडून जी-डी-ए-डी अशी लावणी केली आणि सगळं बदललं. आयरिश चाली आपल्या भाषेत सांगायच्या तर पुष्कळदा काफी किंवा खमाज थाटाच्या चौकटीत फिरतात. गिटारवर ठोक मेजर किंवा मायनर कॉर्ड धरली की चाल त्या कॉर्डमध्ये अडकते, तिचा हलता स्वभाव जातो. नव्या लावणीत गंधार गाळून फक्त षड्ज-पंचमाचा मोकळा आधार देणं सोपं झालं. मेजर की मायनर हे ठरवायचं काम चालीकडेच राहिलं. १९७० च्या सुमारास डोनल लनी या आयरिश वादकाने पीटर ॲबनेट या इंग्रज कारागिराकडून गोल पोटाऐवजी सपाट पाठीची बुझुकी करून घेतली आणि जाड तारांच्या जोडीतली वरच्या सप्तकाची तार काढून दोन्ही तारा एकाच सुरात लावण्याची पद्धत रुळली. ग्रीक झणत्कार गेला, घुमारा आला. आज अनेक तरुण वादकांना हे वाद्य बाहेरचं आहे हे सांगावं लागतं.

अँडी अर्व्हाइन हा मॉयनिहनचा सोबती. १९६८ मध्ये तो बाल्कन देशांकडे निघून गेला आणि बल्गेरिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया असा भटकत राहिला. आयरिश नाचांच्या चालींत रील चार मात्रांच्या ठेक्यातली, जिग सहाची, स्लिप जिग नऊची पण तीन-तीन-तीन अशी समान तुकड्यांची. बल्गेरियात सात, नऊ, अकरा मात्रा विषम तुकड्यांत तोडतात आणि लोक त्यावर धावत नाचतात. नऊ मात्रा तिथे दोन-दोन-दोन-तीन अशा पडू शकतात. रूपक किंवा झपताल ऐकलेल्या माणसाला यात नवल नाही. आयरिश पायांना ते अगदीच परकं होतं. १९७२ मध्ये ख्रिस्टी मूर, लनी, अर्व्हाइन आणि पाइप्सवादक लिअम ओफ्लिन यांचा ‘प्लँक्स्टी’ सुरू झाला आणि १९७४ च्या त्यांच्या अल्बममध्ये बल्गेरियन नाचाची चाल थेट आयरिश गाण्यांच्या शेजारी येऊन बसली.

पुढचा दुवा फार कमी जणांच्या लक्षात असतो. बिल व्हेलन हा पियानोवादक-संगीतकार प्लँक्स्टीबरोबर काम करत होता. १९८१ च्या डब्लिनमधल्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत मध्यंतरासाठी लनी आणि त्याने मिळून एक नृत्यरचना केली. १९९२ मध्ये अर्व्हाइन आणि पाइप्सवादक डेव्ही स्पिलान यांनी ‘ईस्ट विंड’ हा बाल्कन चालींचा अल्बम काढला, त्याची निर्मिती व्हेलनची. त्यात हंगेरीची गायिका मार्ता शेबेश्त्येन आणि बल्गेरियन वंशाचा निकोला पारोव्ह होते. दोनच वर्षांनी, ३० एप्रिल १९९४ ला, पुन्हा युरोव्हिजनच्या मध्यंतरात व्हेलनची सातेक मिनिटांची रचना सादर झाली: ‘रिव्हरडान्स’. पुढच्या वर्षी तिचा पूर्ण प्रयोग झाला आणि जगाने तिला अस्सल आयरिश म्हणून डोक्यावर घेतलं. तिच्या तालांमागे एका भटक्याने बल्गेरियात खाल्लेली धूळ आहे. रिव्हरडान्सचा झगमगाट मला स्वतःला जरा जास्तच वाटतो, पण त्याची वंशावळ मोठी मजेदार आहे.

ब्रिटनी या फ्रान्सच्या पश्चिम टोकाला गोष्ट वेगळी घडली. तिथे हार्प बंदच पडला होता. जॉर्ज कोशवलू यांनी १९५३ मध्ये जुन्या नमुन्यावरून तो पुन्हा बनवला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. तो मुलगा म्हणजे अलाँ स्तिव्हेल. फेब्रुवारी १९७२ मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया सभागृहात त्याने हार्प, इलेक्ट्रिक गिटार आणि सनईच्या कुळातलं बोंबार्ड एकत्र वाजवलं आणि ब्रेटन भाषा घरात बोलायलाही लाजणाऱ्या पिढीची मुलं तिच्यात गाऊ लागली. लोरियाँ गावातला आंतर-सेल्टिक महोत्सव त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाला होता. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनी, गॅलिसिया हे सगळं एका मांडवाखाली आणण्याची सवय तिथूनच पक्की झाली.

ब्रिटनीच्या गायकांचे स्वर पियानोच्या पट्ट्यांत नीट बसत नाहीत. एरिक मार्शाँ या गायकाने म्हणूनच गिटार-पियानो टाळून तिएरी रोबाँचा ऊद हे अरबी तंतुवाद्य जवळ केलं आणि मग जयपूरचे तबलावादक हमीद खान या दोघांबरोबर आले. १९९१ चा त्यांचा अल्बम ऐकताना कुठेही ‘बघा, भारतीय वाद्य’ असा आव नाही. ऊद आणि तबला तिथे आलेत ते गायकीची गरज म्हणून.

भारताशी या चालींची ओळख याहून कितीतरी जुनी. तंजावरला मराठ्यांचं राज्य असतानाच्या काळात कर्नाटक संगीतातले मुत्तुस्वामी दीक्षितर मद्रासजवळच्या मणलीत काही वर्षं राहिले होते आणि कंपनीच्या फौजेचा बँड त्यांच्या कानावर पडत होता. त्या चालींवर त्यांनी जवळपास चाळीस संस्कृत रचना बांधल्या, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. ‘वंदे मीनाक्षी’ची चाल मूळ आयरिश. इकडे तंजावरच्या सरफोजीराजांनीही दरबारात पाश्चात्त्य बँड ठेवला होता. पुढे रवींद्रनाथांनी ‘पुरानो शेई दिनेर कथा’ स्कॉटिश चालीवर रचलं. आणि लष्करातून निवृत्त होऊन गावी गेलेल्यांबरोबर बॅगपाइप गढवालात पोचला तो मशकबीन होऊन. तिथल्या लग्नाच्या वरातीत तो आज कुणालाही परदेशी वाटत नाही.

आफ्रिकेकडचा धागा सायमन एमरसन या इंग्रज निर्मात्याने पकडला. सेनेगलचा गायक बाबा माल याच्याबरोबर काम करताना त्याला आफ्रिकी आणि आयरिश सुरावटींतलं साम्य जाणवलं. १९९५ मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेचे, आयर्लंडचे आणि इतर वादक इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत जमवले आणि १९९६ मध्ये ‘ॲफ्रो सेल्ट साउंड सिस्टम’चा पहिला अल्बम आला. इअर्ला ओ लिनर्डचं संथ गेलिक गाणं, एकवीस तारांचा पश्चिम आफ्रिकी कोरा, खाली इलेक्ट्रॉनिक ठेका. पुढे जॉनी कल्सीचा पंजाबी ढोलही आला. त्यांचं सगळंच काही टिकेल असं नाही. नव्वदीतला नाचाचा ठेका आता कालबाह्य वाटतो, मात्र कोरा आणि पाइप्स एकमेकांना उत्तर देतात ते भाग अजून ताजे आहेत.

स्कॉटलंडच्या मार्टिन बेनेटने मशीन आणि लोकगीत यांचं जे केलं ते या सगळ्यात मला सर्वांत धाडसी वाटतं. आई लोकसाहित्याची अभ्यासक, स्वतः पाइप्स आणि फिडलमध्ये तरबेज, रात्री क्लबमध्ये. कॅन्सरने त्याला वाजवणं अशक्य केलं तेव्हा त्याने जुनी ध्वनिमुद्रणं उघडली. रस्त्यावर जगणाऱ्या ट्रॅव्हलर समाजातल्या शीला स्टुअर्ट, लिझी हिगिन्स यांचे कच्चे, खरखरीत आवाज घेऊन त्याने त्यांच्याभोवती ठेके बांधले. आवाज गुळगुळीत केले नाहीत. उलट ठेकाच त्यांच्या श्वासाप्रमाणे वाकवला. ‘ग्रिट’ हा तो अल्बम २००३ मध्ये आला, जानेवारी २००५ मध्ये बेनेट गेला, वय ३३. दहा वर्षांनी ग्लासगोच्या ‘सेल्टिक कनेक्शन्स’ महोत्सवात ग्रेग लॉसनने तोच अल्बम मोठ्या वाद्यवृंदासाठी बसवून घेतला.

वेल्सची कात्रिन फिन्च आणि सेनेगलचा सेकू केटा यांची जोडी तर अपघाताने जमली. २०१२ मध्ये फिन्चबरोबर मालीचा तुमानी दियाबाते कोरा वाजवणार होता. मालीतल्या लष्करी उठावामुळे तो अडकला आणि तालमीसाठी केटाला बोलावलं गेलं. हार्प आणि कोरा दोन्ही उघड्या तारांची वाद्यं, सूर आधीच लावून बसायचं, त्यामुळे एकाचा खर्ज कधी दुसऱ्याकडे गेला ते कळत नाही. २०१३ चा त्यांचा पहिला अल्बम नवख्याने आधी ऐकावा. २०१८ चा दुसरा ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्यावर बेतला आहे, तो उन्हाळ्यात वेल्समध्ये घरटं करतो आणि हिवाळ्यात पश्चिम आफ्रिका गाठतो.

त्यानंतर मागे जाऊन प्लँक्स्टीचा १९७४ चा अल्बम ऐकावा, मग ‘ग्रिट’. आणि आजचं ताजं हवं असेल तर स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या ब्रीजे खाइंबल हिचा २०२३ चा अल्बम. त्यात तिच्या लहान पाइप्सबरोबर कॉलिन स्टेटसनचा सॅक्सोफोन आहे. पाइप्सची पिशवी सूर तुटू देत नाही, आणि स्टेटसन तेच काम गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत करतो. चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर गायबच होतात.