बाहेरील दिव्याची तारजोडणी, घरातील बटणावरून

घराच्या बाहेरच्या भिंतीवर, पडवीत, फाटकाच्या खांबावर किंवा गोठ्याच्या दाराशी बसवलेला दिवा घरातल्या बटणावरून चालू-बंद करण्यासाठी केलेली विद्युत् जोडणी. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असतो. वितरण पेटीतील (डीबीतील) ६ अँपिअरच्या एमसीबीपासून (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप पडणाऱ्या बटणापासून) फेज वायर बटणाकडे आणि तेथून स्विचवायर दिव्याकडे जाते. न्यूट्रल थेट दिव्याला मिळते आणि अर्थिंगची वायर दिव्याच्या धातूच्या अंगाला जोडली जाते. घरातील रूढ रंगांत फेज लाल, पिवळी वा निळी, न्यूट्रल काळी व अर्थिंग हिरवी असते. लवचिक केबलीत मात्र फेज तपकिरी व न्यूट्रल निळी येते, त्यामुळे निळी वायर दोन्ही अर्थांनी भेटते. रंगावर न विसंबता टेस्ट लॅम्प किंवा मीटरने खात्री करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

बटण फेजमध्येच का, या प्रश्नाला इतिहास आहे. झटक्याने संपर्क तोडणाऱ्या घरगुती बटणाचे श्रेय सामान्यतः न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांना (१८८४) दिले जाते. फिरवण्याची साधी बटणे त्याआधीही वापरात असावीत, परंतु एकदिश (डीसी) प्रवाह तोडताना उठणारी ठिणगी आवरण्याचा प्रश्न होम्स यांच्या रचनेने सोडवला, म्हणून तिलाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) विजेचे दिवे लागले ते १८८२ च्या सुमारास. त्या काळच्या दोनतारी एकदिश पुरवठ्यात अनेकदा कोणतीच तार जमिनीला जोडलेली नसे, त्यामुळे बटण कोणत्या तारेत बसवले याने फारसे बिघडत नसे. मधली तार जमिनीला जोडलेली तीनतारी पद्धत आणि नंतर प्रत्यावर्ती (एसी) पुरवठा आल्यावर मात्र दोन तारांचा दर्जा वेगळा झाला: न्यूट्रल जमिनीला जोडलेली, फेज जिवंत. बटण न्यूट्रलमध्ये बसवले तर ते बंद केल्यावरही दिवा फेजला जोडलेलाच राहतो. भारतीय वीज नियम, १९५६ मधील नियम ३२ ने न्यूट्रलमध्ये एकटे बटण किंवा फ्यूज घालण्यास मनाई केली. फेजसह एकाच वेळी तुटणारे जोडबटण तेवढे चालते.

ही मनाई सर्रास मोडली जाते ती घर आणि गोठा अशा दोन टोकांवरून एकच दिवा चालवताना. योग्य पद्धतीत दोन टू-वे बटणांमध्ये (मधले टर्मिनल दोनपैकी एका टर्मिनलला जोडणाऱ्या) दोन जोडतारा असतात. फेज पहिल्या बटणाच्या मधल्या टर्मिनलला येते, दुसऱ्याच्या मधल्या टर्मिनलमधून स्विचवायर निघते आणि न्यूट्रल कोठेही तोडली जात नाही. वायर वाचवण्यासाठी काही जण दोन्ही बटणांना आपापल्या जागची फेज व न्यूट्रल देतात आणि दिवा दोन्हींच्या मधल्या टर्मिनलांमध्ये जोडतात. ही कार्टर पद्धत अमेरिकेच्या वीज संहितेने १९२०च्या दशकातच वर्ज्य ठरवली. कारण उघड आहे. दोन्ही बटणे फेजवर असली की दिवा विझतो, पण होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत राहतात. ओल्या अंगणात शिडीवर चढून बल्ब बदलणाऱ्याला तो बंदच वाटतो. पुरवठा तीनफेजी असून घर व गोठा वेगवेगळ्या फेजवर असतील, तर दिव्यावर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊन तो फुटतो. दोन टोके वेगळ्या आरसीसीबीवर (जाणारा व परतणारा प्रवाह सारखा नसल्यास पुरवठा तोडणाऱ्या साधनावर) असल्यास दिवा लागताच आरसीसीबी ट्रिप होतो. अशी जोडणी आढळल्यास दोन जोडतारा ओढण्याचा खर्च करावाच.

वायरच्या जाडीबद्दल बरीच चर्चा होते, तेवढी ती आवश्यक नाही. २० वॉटचा एलईडी सुमारे ०.१ अँपिअर घेतो. १.५ चौ. मिमी. तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२ ते १३ ओहम असतो, म्हणजे २० मी. अंतरावर जाऊन-येऊन जेमतेम अर्धा ओहम, आणि दाबातील घट ०.०५ व्होल्ट. तरीही १.५ चौ. मिमी. घ्यावी, कारण बाहेरची वायर ओढली, घासली, खेचली जाते आणि शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी तत्काळ पडण्याइतका प्रवाह तिच्यातून वाहावा लागतो. सी प्रकारच्या (तत्काळ पडण्यासाठी जास्त प्रवाह लागणाऱ्या) ६ अँपिअर एमसीबीला त्यासाठी ६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो.

खरा धोका अर्थिंगच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात अनेक स्वतंत्र घरांचे अर्थिंग घराशेजारच्या खड्ड्यातील स्वतःच्या इलेक्ट्रोडवर असते. त्या मार्गाचा एकूण रोध २० ओहम धरला, तर दिव्याच्या धातूच्या अंगाला फेज लागल्यावर ११.५ अँपिअर वाहतील. ६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, त्याला मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ दिव्याचे अंग जवळजवळ पूर्ण दाबावर राहते. म्हणून बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

काम सुरू करताना टेस्ट लॅम्प चालू पॉइंटवर तपासून घ्यावा, मग मेन बंद करून तो कामाच्या पॉइंटवर लावावा आणि पुन्हा दुसऱ्या, चालू पुरवठ्याच्या पॉइंटवर तपासावा. निऑन टेस्टर एकट्याने पुरेसा नाही. भिंतीतील भोक आतून बाहेर उतरते पाडावे. २३ सेंमी. भिंतीत १ सेंमी. उतार पुरे. त्यात २० मिमी. पीव्हीसी पाइप घालून वायर घ्यावी. दिव्यात केबल नेहमी खालून, रबरी ग्लँडमधून (केबलीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे केबलीवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडते. सिलिकॉन दिव्याच्या बैठकीच्या वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडेला लावावे, खालची कड मोकळी ठेवावी. चारही बाजूंनी लिंपल्यास भिंतीतून झिरपलेले पाणी आत अडकते. जोड दिव्यात किंवा जंक्शन बॉक्समध्ये टर्मिनलवरच करावा. पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हाने पहिल्याच उन्हाळ्यात सुटू लागतो. अंगणातून जाणारी केबल आर्मर्ड (धातूच्या तारांचे कवच असलेली) असावी. ती ०.७५ मी. खोल, वाळूच्या थरात टाकून वर विटा रचाव्यात.

दिव्याची निवड आयपी अंकावरून, म्हणजे धूळ व पाणी आत शिरण्यापासून संरक्षणाच्या दर्जावरून होते. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पडवीच्या छताखाली आयपी ४४ पुरतो. कोकणात आडव्या झडीला तोंड देणाऱ्या भिंतीवर आयपी ६५ पेक्षा कमी घेऊ नये. तरीही सीलबंद दिव्यात पाणी साचलेले आढळते. तापलेल्या दिव्यावर पावसाची सर आली की आतली हवा आकसते आणि ग्लँडच्या फटीतून किंवा केबलीच्या तारांमधून ओलावा आत ओढला जातो. ग्लँड केबलीच्या जाडीशी जुळणारा असेल तर हे बहुतांशी टळते. आत शिरलेल्या लाल मुंग्या व पालीही कित्येकदा बिघाड करतात.

बटण बंद असूनही एलईडी मंद उजळत असेल तर प्रथम बटण न्यूट्रलमध्ये तर नाही हे पाहावे. फेज बरोबर असल्यास बटणातील इंडिकेटर काढून बघावा. तोही नसेल तर लांबवर शेजारी-शेजारी धावणाऱ्या फेज व स्विचवायरीमधील धारकता (कपॅसिटन्स; तारा न जोडताही थोडा प्रवाह पलीकडे जाणे) हे कारण असते. दुसरी तक्रार पावसातच आरसीसीबी पडण्याची. दिव्याचे बटण बंद केल्यावरही तो पडत राहतो, म्हणून दिव्याकडे संशय जात नाही. प्रत्यक्षात ओली न्यूट्रल अर्थिंगला टेकलेली असते आणि साधे बटण ती तोडत नाही. घरातील इतर उपकरणांचा परतीचा प्रवाह तिथून अंशतः जमिनीत जातो. बाहेरच्या दिव्याला दोन्ही वायरी तोडणारा डीपी स्विच दिला, तर असा दिवा वेगळा काढून बाकीचे घर चालू ठेवता येते. काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) वायरींच्या इन्सुलेशनचा रोध मोजावा, पण एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारे सर्किट) आधी सोडवून. वाचन किमान १ मेगओहम यावे. आरसीसीबीचे चाचणी बटणही दाबून पाहावे.

१९५६ च्या नियमांतील नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची अदलाबदल वगळता नवी तारजोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणे बंधनकारक होते. त्या नियमांची जागा घेणाऱ्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही (२०१०, २०२३) हे तत्त्व कायम आहे.

दिवाळीतील आकाशकंदील हा याच जोडणीचा तात्पुरता प्रकार. खिडकीच्या फटीत चेपलेली दोनतारी वायर, उघडा होल्डर आणि पाऊस लांबल्यास ओला कागद असे त्याचे नेहमीचे दोष. बाल्कनीत आरसीसीबीखालील कायमचा सॉकेट, तीनतारी गोल केबल आणि कंदिलाचे वजन वायरीऐवजी स्वतंत्र दोरीवर घेणे, एवढ्याने ते दूर होतात.