कॉलेजच्या आवारातली बालवाडी

अमेरिकेतल्या बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक कॉलेजांच्या, आवारात एक छोटी बालवाडी असते. बुटक्या खुर्च्या, वाळूचा हौद, आणि काही ठिकाणी एकाच बाजूने आरपार दिसणारी काच. काचेमागे बालविकास आणि कुटुंब-अभ्यास शिकणाऱ्या विद्यार्थिनी वही घेऊन बसतात. ही बालवाडी त्यांची प्रयोगशाळा.

मुलांना असं बारकाईने पाहण्याची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. मका आणि डुकरांची पैदास सुधारण्यासाठी संशोधन होतं, मग मुलांसाठी का नको, असं आयोवात कोरा बसी हिलिस विचारत राहिल्या. त्यांच्या चिकाटीमुळे १९१७ मध्ये आयोवा विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र निघालं. तिकडे डेट्रॉइटमध्ये लिझी मेरिल पामर यांनी मुलींना मातृत्व आणि घरसंसार शिकवणाऱ्या शाळेसाठी मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. पण मुलंच समोर नसतील तर शिकवायचं काय? त्या शाळेच्या संचालिका एडना नोबल व्हाइट यांनी १९२२ मध्ये संस्थेतच नर्सरी उघडली. बालविकास हा विषय तेव्हा गृहविज्ञानाच्या पदराखाली होता. ‘बालविकास आणि कुटुंब-अभ्यास’ या नावातलं ‘कुटुंब’ तिथूनच आलं.

पुढे नर्सऱ्या वाढल्या, पण त्यामागचं मुख्य कारण मुलं नव्हती, याचं मला वाईट वाटतं. १९३३ मध्ये, मंदीच्या काळात, बेकार शिक्षकांना काम द्यायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायका हव्या होत्या. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये केंद्र सरकारचा पैसा आटला. कॅलिफोर्नियाने मात्र मुलं सांभाळणारी आपली केंद्रं राज्याच्या खर्चाने चालू ठेवली.

१९६५ च्या उन्हाळ्यात गरीब घरांतल्या पाच लाखांहून अधिक मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा केंद्र सरकारचा शाळापूर्व शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या मुलांना शिकवणार कोण? त्याच दशकात गावोगावी कम्युनिटी कॉलेजं उभी राहत होती. फी कमी, संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. हेड स्टार्टमध्ये मदतनीस म्हणून लागलेल्या कितीतरी जणी तिथल्याच मुलांच्या आया होत्या. काम आणि घर सांभाळून शिकायचं, तर त्यांना हीच कॉलेजं परवडण्यासारखी होती. १९७५ पासून वर्गातलं प्रत्यक्ष काम पाहून दिलं जाणारं ‘सीडीए’ (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) हे बालवाडी शिक्षकांसाठीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळू लागलं. २००७ च्या कायद्याने तर देशभरातल्या हेड स्टार्टच्या निदान निम्म्या शिक्षकांकडे चार वर्षांची पदवी हवी, असं ठरवलं.

शिक्षणाची अट अशी वाढत गेली. पगार मात्र अजूनही प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांइतका झालेला नाही.