बेघराचा कुत्रा उपाशीच असतो?

‘स्वतःच्या पोटाची भ्रांत, त्यात कुत्रा कशाला? काढून घ्या तो!’ लंडनच्या फुटपाथवरच्या बेघरांबद्दल हे वर्षानुवर्षं बोललं जातं. हा समज चुकीचा आहे, आणि क्रूरही. हातात आलेल्या सँडविचचा पहिला तुकडा बहुतेकदा कुत्र्यालाच जातो. रात्री दोघं एकाच पांघरुणात. माया कमी नसते, घोडं अडतं ते उपचारांच्या खर्चापाशी. म्हणून २०१६ मध्ये तिथं ‘स्ट्रीटव्हेट’ सुरू झालं. पशुवैद्य पाठीवर औषधांची बॅग टाकून रस्त्यावर येतात; तपासणी, लस, जंताचं औषध तिथल्या तिथं, मोफत. दुसरी अडचण निवाऱ्यांची. कुत्र्याला आत घेत नाहीत म्हणून कितीतरी जण थंडीत बाहेरच झोपतात. दोघांनाही एकत्र आत घ्यावं, यासाठी ही मंडळी आता निवाऱ्यांबरोबरही काम करतात.