नापास झालात? आधी पुस्तक मिटा

ड्रायव्हिंग लायसन्सच्या लेखी परीक्षेत नापास झालेला माणूस घरी येऊन तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतो. ‘या वेळी नीट वाचतो’ म्हणतो. वेळ वाया घालवायचा याहून हमखास मार्ग नाही, आणि याला प्रयोगांचा भक्कम पुरावा आहे.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत उतारा सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत तीन-साडेतीन वेळा वाचला आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि ‘आपल्या चांगलं लक्षात राहील’ असा विश्वास जास्त कुणाला होता? वाचणाऱ्यांना!

असं का होतं? तेच पान पुन्हा वाचताना डोळे भरभर पुढे सरकतात. ओळखीच्या मजकुराचं हे सुलभपण मेंदूला ‘येतंय’ असं वाटतं. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पुस्तक मिटून ‘पिवळा दिवा लागला तर काय करायचं?’ असं स्वतःला विचारलं की मेंदूला उत्तर शोधून काढावं लागतं, आणि या शोधण्यानेच पुढच्या वेळी तिथवर पोचणं सोपं होतं. आठवणं ही नुसती तपासणी नाही, तोच अभ्यास आहे.

कुणी म्हणेल, परीक्षेत तर पर्याय दिलेले असतात, नुसतं ओळखलं तरी पुरे. पण चांगल्या प्रश्नात चुकीचे पर्यायही ओळखीचेच वाटतात. म्हणून सराव करताना पर्याय हाताने झाका, उत्तर स्वतः म्हणा, मग हात काढा.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो चुकांचा गुणधर्म. बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या उत्तराची आपल्याला पक्की खात्री होती तेच चुकीचं निघालं, तर त्याची दुरुस्ती अर्धवट खात्रीच्या चुकीपेक्षा जास्त चांगली होते. एक स्पष्टीकरण असं की अपेक्षा आणि उत्तर यांत जेवढी मोठी तफावत, तेवढा धक्का मोठा, आणि धक्का बसला की लक्ष वेधलं जातं. म्हणजे नापास झालेल्याच्या हाती आपल्या चुकांची एक मौल्यवान यादी असते. अट एकच, बरोबर उत्तर कळलं पाहिजे. सराव प्रश्नपत्रिकेत प्रत्येक उत्तरापुढे खात्रीचा आकडा लिहा, १ ते ५; ५ म्हणजे पक्की खात्री. पण सावध राहा. अशी दुरुस्ती पुन्हा उजळली नाही, तर काही दिवसांनी जुनी पक्की चूक परत डोकं वर काढते, असंही नंतरच्या प्रयोगांत दिसलं.

काही गोष्टी तर पाठ करायच्याच नसतात. उदाहरणार्थ, गाडी थांबायला लागणारं अंतर: धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत, म्हणजे प्रतिक्रियेच्या काळात, कापलेलं अंतर वेगाच्या प्रमाणात वाढतं, ब्रेक लागल्यानंतरचं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट, तर पहिलं दुप्पट आणि दुसरं चौपट. गतिज ऊर्जेचं शाळेतलं सूत्र आठवा, वेग आणि अंतराचा तक्ता आपोआप तयार होतो.

‘मी चित्रांतून शिकणारा, तू ऐकून शिकणारा’ या समजुतीच्या मागे मात्र लागू नका. शिकण्याच्या शैलीनुसार शिकवलं तर जास्त समजतं, याला भरवशाचा पुरावा नाही. स्मरणशक्तीच्या गोळ्यांचं तर नावच नको.

आज चुकलेला प्रश्न उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा सोडवा. चिन्हं, अग्रक्रम, वेगमर्यादा असे विषय मिसळून घ्या. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी अख्खं पुस्तक उघडू नका. ज्यांच्यापुढे ५ लिहिलं होतं आणि तरी उत्तर चुकलं होतं, तेवढेच प्रश्न पुन्हा काढा.