कुट ते खार्किव्ह: बेळगाव सीमाभागात युद्धाची बातमी कशी पोचते

१ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात तोफमाऱ्यात एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. तो तिथे डॉक्टरकी शिकत होता आणि खायचे काही मिळते का बघायला आसऱ्यातून बाहेर पडला होता. गाव चळगेरी, जिल्हा हावेरी. म्हणजे आम्हा बेळगावकरांच्या हिशेबाने हुबळीच्या जरासे पलीकडे. रशिया-युक्रेन युद्धाचा तो सहावा दिवस. त्याचे पार्थिव गावी यायला २१ मार्च उजाडला. घरच्यांनी त्याचे देहदान केले, दावणगेरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला.

तेव्हापासून या भागात ते युद्ध परके राहिले नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गावात मोबाइलवर आघाडीचे नकाशे बघणारी, ड्रोनचे व्हिडिओ पुढे पाठवणारी माणसे भेटतात. फुकट डेटामुळे लागलेला हा नाद आहे, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. दूरच्या रणांगणाकडे कान लावून बसणे या मुलखाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, कारण तिकडे आपली माणसे असत.

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे, पण मराठा पलटणींनी समुद्र ओलांडला तो त्याआधीच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी (पुणे) डिव्हिजन लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याने या डिव्हिजनला टायग्रिस नदीकाठच्या कुट-अल-अमारा गावात कोंडले. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आले, घोडे कापायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. पुढे वाळवंटातली पायपीट आणि छावण्या. त्यात किती दगावले याची खबर गावाकडे यायला किती काळ लागला असेल, ही कल्पनाही मन हलवणारी आहे. शिपायांची पत्रे सेन्सॉरच्या हातातून जात. पोस्टमन दारात आला की आधी छातीत धस्स व्हायचे, मग कागद हातात घ्यायचा.

याच एप्रिलच्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती आणि टिळकांनी होमरूल लीगची स्थापना इथेच केली. साम्राज्य युद्धात गुंतलेले असताना स्वराज्याची मागणी पुढे रेटायची, हे त्यामागचे राजकारण. युद्ध तिकडे टायग्रिसकाठी आणि त्याचा परिणाम इकडे बेळगावच्या मंडपात, असे १९१६ सालीच घडले होते. तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, बाबुराव ठाकूर यांनी इथे ‘तरुण भारत’ सुरू केले आणि बातमी आपल्या भाषेत, आपल्याच गावात छापली जाऊ लागली.

यापेक्षा जवळचा, आणि माझ्या मते आजची चर्चा समजायला सर्वांत महत्त्वाचा, प्रसंग म्हणजे गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा बेळगाव हा तयारीचा मोठा तळ होता. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. ती या कारवाईत हवाई दलाच्या कामी आली. ६३ वी ब्रिगेड अनमोड घाटाच्या बाजूने खाली उतरली. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने युद्धबंदीचा आणि भारताने सैन्य मागे घेण्याचा ठराव मांडला. सोव्हिएत संघाने तो नकाराधिकार वापरून पाडला. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला. दहा वर्षांनी, बांगलादेश युद्धाच्या वेळी, सोव्हिएत संघाने भारतासाठी पुन्हा असाच नकाराधिकार वापरला.

२०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या निषेधाच्या ठरावांवर भारत तटस्थ राहिला. तेव्हा आमच्याकडची वडीलधारी माणसे ‘रशिया आपल्या पाठीशी उभा होता’ म्हणत होती, त्याचे मूळ इथे आहे. मात्र सोव्हिएत संघात युक्रेनही होता, हे त्या आठवणीतून गळून पडते. शिवाय जुने उपकार खरे असले, तरी खार्किव्हच्या वस्तीवर पडलेल्या गोळ्यांचे समर्थन त्यातून होत नाही.

रेडिओने बातमीचा वेळ कमी केला, कारगिलच्या वेळी टीव्हीने चित्र घरात आणले. मोबाइलने मात्र वेगळेच केले: मधली चाळणी काढून टाकली. युक्रेन युद्धाच्या पहिल्याच दिवसांत ‘कीव्हचे भूत’ नावाच्या वैमानिकाने एकट्याने अनेक रशियन विमाने पाडल्याची कथा जगभर फिरली. एप्रिलअखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच ती दंतकथा असल्याचे सांगितले. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी लढाई म्हणून पुढे गेली. इथल्या वाचकाला एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही. एकच बातमी तो मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत वाचू शकतो. तिन्हीकडे शब्द, आकडे, भर वेगळी असते. कुठे काय वाढवले आणि कुठे काय गाळले, हे शेजारी ठेवून पाहता येते. सीमावादाने आपल्याला भाषांवरून भांडायला शिकवले. तीच भाषांची जाण इथे उपयोगी पडते.

तिची गरज मे २०२५ मध्ये दिसली. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातले कोन्नूर. तिथल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला, अशी पोस्ट परदेशातल्या एका खात्यावरून पसरली. बेळगाव जिल्हा पोलिसांनी ती साफ खोटी असल्याचे जाहीर केले आणि पोस्ट मागे घेतली गेली. कोन्नूरला एक फोन केला असता तर खरे कळले असते. तेवढ्यात ती हजारो मोबाइलांवर जाऊन बसली होती.

आणि मग रोजच्या जगण्यावरचा परिणाम. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युक्रेनचा होता. मार्च २०२२ मध्ये किराणा दुकानात तेलाचा डबा महागला तो त्यामुळे. पोटॅश या खताचे मोठे निर्यातदार कॅनडा, रशिया आणि बेलारूस. त्यातल्या बेलारूसचा माल लिथुआनियाच्या बंदरातून जाणे युद्धाच्या तोंडावरच, फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबले, आणि नंतर रशियाचा व्यापारही अडचणीत आला. उसाला पोटॅश लागते आणि बेळगाव हा उसाचा जिल्हा. डीएपी खताची गोणी सरकारने अनुदान वाढवून १,३५० रुपयांवर धरून ठेवली, पण पोटॅशची गोणी अनुदान असूनही महागली. स्वस्त रशियन तेल भारताने भरपूर घेतले आणि त्याच कारणाने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत निर्यातीचा माल करणारे त्या दिवसापासून आघाडीच्या नकाशाइतकेच वॉशिंग्टनच्या बातम्याही वाचू लागले, आणि कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीच्या दारात खताची चौकशी करणारा शेतकरी तर आधीपासूनच विचारत होता: तिकडचं थांबतंय कधी?