फॉनची दुपार (लाप्रे-मिदी दं फॉन)

प्राचीन ग्रीक चित्र-शिल्पांतील आकृतींवर बेतलेला एकअंकी बॅले. नृत्यरचना व प्रमुख भूमिका वात्स्लाव्ह निजिन्स्की (सु. १८८९–१९५०) यांची, नेपथ्य व वेशभूषा लेओन बाक्स्ट यांची. सेर्गेई द्यागिलेव्ह यांच्या ‘बॅले रूस’ या मंडळीने तो पॅरिसच्या शातले नाट्यगृहात २९ मे १९१२ रोजी प्रथम सादर केला. संगीत मात्र आधीचेच होते. स्तेफान मालार्मे यांच्या कवितेवरून क्लोद दब्यूसी यांनी रचलेली ही वाद्यवृंदरचना १८९४ मध्ये प्रथम वाजविली गेली होती. प्रयोगाचा अवधी सु. १२ मिनिटे.

कथानक अगदी त्रोटक आहे. खडकावर पहुडलेला फॉन (अर्धा मानव, अर्धा बोकड असा वनचर) बासरी वाजवतो, द्राक्षे चाखतो. सात वनदेवता येतात. त्यांतली प्रमुख स्नानासाठी वस्त्रे उतरवते. फॉन जवळ येताच त्या पळतात आणि मागे राहिलेले एक वस्त्र घेऊन तो खडकावर परततो. (सात या संख्येने मराठी वाचकाला साती आसरा आठवतील, संबंध अर्थातच नाही.) फॉन हा मूळचा रोमन पुराणकथांतला; त्याचा ग्रीक भाऊबंद म्हणजे सॅटर. ‘ग्रीक’ म्हणून गाजलेल्या या नृत्याच्या नावातच ही विसंगती आहे. ती मालार्मे यांच्या कवितेतून आलेली असून नृत्यकारांनी तिची फिकीर केलेली दिसत नाही.

मूळ कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. मंडळीतील काहींच्या आठवणींनुसार ती द्यागिलेव्ह यांची, तर तपशील बाक्स्ट यांनी पुरविले. निजिन्स्कींची बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांचे म्हणणे वेगळे आहे : भावाने १९१०-११ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे घरीच, निजिन्स्का यांच्याच शरीरावर, एकेक मुद्रा घडवून पाहिली. त्यांच्या आठवणी १९८१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत भावाविषयीचा जिव्हाळा उघड आहे. तरीही हालचालींचे इतके बारकावे अन्य कोणाच्याच निवेदनात नसल्याने त्यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. बाक्स्ट यांचा वाटा मुख्यतः दृश्यरचनेचा मानावा.

दुसरा वाद आधाराचा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील ग्रीक पात्रचित्रे (भांड्यांवरील चित्रे) हा आधार सामान्यतः सांगितला जातो. बाक्स्ट ग्रीक दालनात वाट पाहत राहिले आणि निजिन्स्की इजिप्शियन दालनातच रमले, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नृत्यातली देहठेवण तिला अनुकूल आहे. चेहरा एकचश्मी (एका बाजूने दिसणारा), पाय बाजूने दिसणारे, धड मात्र प्रेक्षकांकडे वळलेले, ही मांडणी इजिप्शियन उत्थित (पृष्ठभागातून उठून दिसणाऱ्या) शिल्पांत रूढ होती व आर्ष (अभिजातपूर्व) ग्रीक चित्रणातही आढळते. इ. स. पू. सु. ५३० नंतर तांबड्या आकृतींची पात्रे घडू लागली, तसतसे चित्रकार देह तिरपा, खोली दाखवून रेखाटू लागले. तेव्हा आदर्श ग्रीकच मानला, तरी तो अभिजात काळापेक्षा आधीचा असावा. शिवाय पात्रावरचे चित्र गोल फिरते. रंगमंचावर त्याचा सपाट पट्टा झाला. परिणामी प्रत्यक्षात दिसते ते मंदिराच्या शिल्पपट्टासारखे.

त्यासाठी बाक्स्ट यांचा पडदा पुढे ओढून रंगमंच उथळ केला होता. नर्तक त्याला समांतर रेषेत, आधी टाच टेकवून चालत. फॉनची उडी एकच. पावले संगीताच्या मात्रांना बांधलेली नव्हती. अभिजात बॅलेत मुरलेल्या नर्तकांना हे जड गेले. शंभराच्या आसपास तालमी झाल्याचे सांगतात. याच हंगामात, ८ जूनला, नृत्यरचनाकार मिखाइल फोकीन यांचे ‘दाफ्निस ए क्लोए’ हे ग्रीक कथेवरील नृत्यही त्याच नाट्यगृहात आले.

वनदेवतेच्या वस्त्रावर फॉन पालथा पडतो त्या अखेरच्या हालचालीवरून गदारोळ झाला. ‘ल फिगारो’चे संपादक गास्ताँ काल्मेत यांनी ती अश्लील ठरविली, शिल्पकार ओग्यूस्त रोदँ यांच्या नावे ‘ल मातँ’मध्ये समर्थन छापून आले, पण त्याचा मजकूर कलासमीक्षक रोझे मार्क्स यांनी लिहिला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

१९१५ मध्ये बूडापेस्टला स्थानबद्ध असताना निजिन्स्की यांनी स्तेपानोव्ह यांच्या नृत्यलेखन-पद्धतीवरून स्वतः बेतलेल्या नृत्यलिपीत ही रचना उतरवून काढली. हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे, पण लिपी दीर्घकाळ कोणालाच वाचता येईना. मधल्या काळात नृत्य नर्तकांच्या स्मरणावर जगले. लंडनमध्ये मारी राम्बेर यांच्या मंडळीने १९३१ मध्ये ते असेच उभे केले. १९८० नंतरच्या दशकात अ‍ॅन हचिन्सन गेस्ट व क्लाउडिया येश्के यांनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा स्मरणातल्या आवृत्त्या मुळाहून बऱ्याच ताठर झाल्याचे दिसले. निजिन्स्की नाचत असतानाचे चित्रीकरण उपलब्ध नाही. बॅरन आडोल्फ द मेयर यांची छायाचित्रे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक देह अर्थातच स्थिर आहे.